एक्केचाळिसावी नळी

आमच्या कार्यालयात मामांना सगळे मामा म्हणतात, साहेबसुद्धा. ते माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठे आहेत आणि माझे कुणीही लागत नाहीत. पण एका माणसाने आणलेलं रक्त एकोणीस वर्षं तपासलं की काहीतरी नातं लागतंच. ते मला ताई म्हणतात. त्यांचं काम गोठ्यागोठ्यात जाऊन गाईंच्या रक्ताचे नमुने आणायचं, माझं काम ते तपासायचं, आणि साहेबांचं काम आम्हा दोघांच्या कामावर सही करायचं.

मामा रक्त शेपटीतून काढतात. मानेतून काढणारेही आहेत, पण त्यासाठी गाईचं तोंड दोरीने आवळून एका बाजूला ओढावं लागतं. दोन माणसं लागतात, गाय चिडते आणि मालक तिच्याहून जास्त चिडतो. मामा एकटेच मागे जाऊन उभे राहतात, डाव्या हाताने शेपूट सरळ वर उचलतात, उजव्या हाताच्या बोटाने खालच्या बाजूची खाच चाचपतात आणि सुई टोचतात. गाईला कळेपर्यंत नळी भरलेली असते. हे करताना ते काहीतरी पुटपुटतात. लोकांना वाटतं मंत्र आहे. तो शिकवा म्हणून एका गोठेवाल्याने वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला होता. प्रत्यक्षात मामा मामींनी सांगितलेली दुकानाची यादी घोकत असतात: काळा दोरा, पांढरा दोरा, सहा बटणं, साबण. मामी घरी शिवणकाम करतात आणि चुकीचा दोरा आणला तर त्या मामांना उलट पावली दुकानात पाठवतात.

परत येताना रस्ता खराब असला की मामा नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसतात. नळ्या हिंदकळल्या तर रक्त बिघडतं, वरचं पाणी लाल होतं आणि नमुना फुकट जातो. एकोणीस वर्षांत त्यांची एकही नळी मी परत पाठवलेली नाही. आणि मी परत पाठवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. साहेबांच्या मेहुण्याचे नमुने मी दोनदा परत पाठवलेत, त्यातलं एकदा साहेब समोर उभे असताना.

माणसाच्या रक्ताचं मात्र मामांना वावडं. खात्याने कर्मचाऱ्यांसाठी तपासणी शिबिर भरवलं, तेव्हा नर्सने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि मामा दिसेनासे झाले. ते सामानाच्या खोलीत आतून कडी लावून बसलेले सापडले. आत चाऱ्याच्या बियाण्याची पोती मोजतोय, असं त्यांनी दारामागून सांगितलं. पोती तीन होती. मोजणी दुपारी चारपर्यंत, म्हणजे शिबिर उठेपर्यंत चालली.

गेल्या वर्षी मामा बारीक व्हायला लागले. आधी पट्ट्याला एक भोक वाढलं, मग दुसरं. एकदा माझा पांढरा कोट शिवून द्यायला मामी कार्यालयात आल्या. कोट माझ्या हातात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यांच्या उशीची खोळ मी रोज बदलतेय. पिळून काढावी इतका घाम येतो. संध्याकाळी ताप, सकाळी माणूस ठणठणीत. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, हवा बदलतेय. तीन महिने कसली हवा बदलते हो?"

मी म्हटलं, "बोलते मी त्यांच्याशी." आणि बोलले नाही.

कारण येता-जाता ताप, घाम आणि कंबरदुखी या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय असू शकतं, हे आमच्या कार्यालयात शिपायालाही माहीत आहे. गाईंमध्ये गाभडण्याचा एक रोग असतो. गाभण गाय वासरू टाकते आणि रोग कळपभर पसरतो. तोच रोग गाईंमध्ये वावरणाऱ्या माणसाला झाला की त्याला असा ताप येतो. माणूस औषधाने बरा होतो, गाईला औषध नाही. माणसाला फक्त नियम आहे: एकदा हा ताप निघाला की त्याला जनावरांच्या कामावरून कायमचं काढायचं. मामांच्या आधीच्या नमुनेवाल्यांना काढलं होतं. ते शेवटची बारा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर लिफाफे चिकटवत बसले. मामा रोज त्या टेबलावरून जायचे आणि त्यांना नमस्कार करायचे, तोही जरा लांबूनच. मामांची नोकरी दोन वर्षं उरली होती. "मला दुसरं काही येत नाही," असं ते स्वतःच सांगतात, आणि ते विनयाने बोलत नाहीत. खरंच येत नाही.

म्हणून आम्ही सगळेच मूग गिळून बसलो होतो. मी तर सर्वांत जास्त.

एका सोमवारी मामांनी एक्केचाळीस नळ्या आणल्या. प्रत्येक नळीवर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे, सोबत यादी, सगळं नेहमीसारखं स्वच्छ. आमची तपासणी सोपी आहे. रक्त गोठलं की वर पिवळं पाणी सुटतं, त्याला सिरम म्हणतात. त्याचा एक थेंब आणि गुलाबी औषधाचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर ठेवायचा, काडीने मिसळायचा आणि फरशी चार मिनिटं हलवायची. थेंब गुळगुळीत राहिला तर गाय चांगली. दही फाटल्यासारखा झाला तर रोग.

चाळीस थेंब गुळगुळीत राहिले. एक्केचाळिसावा एका मिनिटात फाटला.

मी तो पुन्हा केला. पुन्हा फाटला. दुसरी मोठी तपासणी लावली, तिला एक दिवस लागतो. मंगळवारी तीही तेच बोलली. त्या नळीतलं पाणी इतरांपेक्षा फिकटही होतं. गाईच्या सिरमचा पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातून येतो, हे मला चांगलं ठाऊक आहे आणि ते मला ठाऊक आहे हे लोकांना कळावं असंही मला वाटतं. म्हणून अहवालात निकालापुढे मी शेरा लिहिला: "जनावरास हिरवा चारा कमी पडतो." खाली सही केली. त्या सहीचं मला समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही.

साहेब नवे होते आणि त्यांना नियम पाठ होते. त्यांनी रजिस्टरमध्ये नंबर शोधला, मालकाचं नाव काढलं आणि तासाभरात आदेश तयार केला. आमच्या खात्यात गाय मारत नाहीत, "निकाली काढतात," एखाद्या फायलीसारखी. गुरुवारी सकाळी अकराला नंबर चार-सात-शून्य-नऊ निकाली काढायची होती. साहेबांनी आदेश सगळ्यांसमोर वाचला.

मामा म्हणाले, "ती गाय मेलीये."

"कोणती?"

"चार-सात-शून्य-नऊ. दोन वर्षं झाली. मीच खोडली रजिस्टरमधून."

साहेबांनी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "खोडलीत. आणि खाली पुन्हा लिहिलीत. अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर मामांचंच होतं. आदल्या वर्षी एका गाईचा कान तारेत अडकून फाटला, बिल्ला हरवला. खात्याकडे नवे बिल्ले नव्हते. बिल्ले येईपर्यंत काहीतरी नंबर हवा, म्हणून मामांनी तोंडात बसलेला एक रिकामा नंबर कागदोपत्री देऊन टाकला होता. मेलेल्या गाईचं रक्त त्यांनी अकरा वर्षं काढलं होतं, त्यामुळे तिचा नंबर त्यांना रजिस्टर न उघडता आठवायचा. बिल्ले अजून आलेले नाहीत. मामांनी ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली; हे ते साफ विसरले होते. मग खुर्ची नव्हती तिथे बसायला गेले आणि शिपायाने त्यांना सावरलं.

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. माझी खोली म्हणजे एक टेबल, एक मोरी आणि एक फ्रीज. फ्रीजवर "खाद्यपदार्थ ठेवू नयेत" अशी पाटी आहे आणि आत साहेबांचं दही असतं.

"ताई, तपासणी चुकू शकते का?"

"माझी?"

"कुणाचीही."

"नाही," मी म्हटलं.

"नळी फुटली असं लिहिलं तर?"

"निकाल लागल्यावर नळी फुटली काय नि राहिली काय. नमुना त्या गाईचा नव्हताच, असं नमुना घेणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तरच निकाल रद्द होतो. तुम्ही का विचारताय?"

"असंच," मामा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी तो पाहिला आणि फ्रीजचं दार लावलं.

बुधवारी सकाळी गाईची मालकीण आली. ती म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त बाई. चौथीच्या वर्गाला त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं, मामांनाही. आता एकट्या राहतात आणि एक गाय पाळतात. गाय आठ महिन्यांची गाभण. रडारड होणार म्हणून साहेबांनी पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. बाई त्याकडे वळल्याही नाहीत. त्या थेट माझ्या टेबलापाशी आल्या आणि अहवालावर बोट ठेवलं.

"हा शेरा कुणी लिहिला?"

"मी."

"एकतीस वर्षं मीही शेरे लिहिले. पोराची वही उघडल्याशिवाय एकही लिहिला नाही." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तीत तारीख, हिरवा चारा, सुका चारा, पाणी असे रकाने आणि प्रत्येक ओळीला त्यांची सही. "रोज पंधरा किलो मका आणि घास. वर्षभर. एक दिवस चुकलेला दाखवा. रोग असेल तर असेल, त्यावर माझा इलाज नाही. पण तिला मी उपाशी ठेवली असं जगात कुणी म्हणायचं नाही."

त्यांचा आवाज जराही हलला नाही; वही त्यांनी पहिल्या पानापासून उघडून माझ्यापुढे ठेवली. ते बघून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. वही मी पानापानाने पाहिली. शिक्षिकेची वही होती, खोटी असणं शक्य नव्हतं. आणि पंधरा किलो हिरवं खाणाऱ्या गाईचं सिरम तेलासारखं पिवळं असायला हवं. मी फ्रीजमधून चार नळ्या काढल्या आणि खिडकीशी ओळीने धरल्या. तीन पिवळ्या. चौथी फिकट, जवळजवळ पाण्यासारखी. असं पाणी मी शिकताना पाहिलं होतं, तेव्हा आम्ही एकमेकांचंच रक्त काढून सराव करायचो.

मामा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नळ्यांचे लाकडी स्टँड पुसत होते. मी नळी त्यांच्यासमोर धरली.

"ही कुणाची?"

"नंबर आहे की वर."

"नंबर मला वाचता येतो, मामा. कुणाची?"

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि शर्टाची डावी बाही वर केली. कोपराच्या आत वाटाण्याएवढा निळा डाग होता. "डोळे मिटले आणि शेपूट समजून टोचली," ते म्हणाले. "पहिल्याच टोच्यात मिळाली."

त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. त्याबद्दल त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरकडे गेले तर निकाल खात्यात येणार, आणि निकाल आला की टेबल. म्हणून आपलं रक्त गाईंच्या नळ्यांत सरकवायचं, नंबर मेलेल्या गाईचा द्यायचा. रोग निघाला तरी रजिस्टरमध्ये गाय मेलेली दिसेल, फाइल बंद होईल आणि आपल्याला कळायचं ते कळेल. मग लांबच्या गावातून गोळ्या आणून गुपचूप खायच्या. कुणाचं काही बिघडणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन्ही वेळी, आधी बाईंच्या गाईसाठी आणि आता स्वतःसाठी, नंबर शोधायला गेले ते त्याच मेलेल्या गाईकडे गेले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी गुपचूप तपासून दिलं असतं."

"दिलं नसतं ताई. तुम्ही लिहून ठेवलं असतं."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच लागलं. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मग सरळ रडूच आलं. तीन महिने डोळ्यांदेखत हा माणूस वाळत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि त्याच्या रक्तावर मात्र चाऱ्याचा शेरा मारून सही केली. मामांनी घाबरून मला ते नळ्या पुसायचं फडकं दिलं.

"उद्या अकरा वाजता," मी म्हटलं. "मी तुमच्या वतीने काही लिहिणार नाही. लिहिलं तरी चालणार नाही."

"माहीत आहे."

"गाय गाभण आहे, मामा."

"तिला मी ओळखतो," मामा म्हणाले आणि बाही खाली केली. लिहून देईन असं काही ते म्हणाले नाहीत.

गुरुवारी पावणेअकराला आम्ही बाईंच्या घरी पोचलो. दोन खोल्या, बाजूला पत्र्याचा गोठा, भोवती तारेचं कुंपण. गाईच्या गळ्यात पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर रंगाने, सुंदर गोल अक्षरात, ४७०९. साहेबांबरोबर दोन माणसं आणि बंद गाडी होती. बाई दारात उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, शाळा तपासायला कुणी येणार असल्यासारख्या. मामा रजेवर होते. मी रस्त्याकडे बघत होते. अकराला पाच कमी असताना साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्या दोन माणसांनी गाडीची फळी खाली केली.

तेव्हा मामा सायकलवरून आले. सायकल कुंपणाला टेकवली. आत आले नाहीत. तारेवरून हात लांब करून एक घडी केलेला कागद त्यांनी साहेबांना दिला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "मामा, हे तुम्ही शुद्धीवर लिहिलंय?"

"सकाळी ताप नसतो, साहेब."

"मोठ्याने सांग," दारातून बाई म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."

मामा पन्नाशी उलटलेले गृहस्थ आहेत. ते ताठ उभे राहिले. "बाई, ती नळी तुमच्या गाईची नव्हती. माझ्या रक्ताची होती. नंबर चुकून तुमच्या गाईचा पडला."

"म्हणजे तुझा आजार तू माझ्या गाईच्या नावावर लावलास?"

"हो बाई."

"आणि आता काय होईल तुला?"

"टेबल मिळेल."

टेबल म्हणजे काय हे बाईंना कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दारातल्या पायरीवर बसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच बसल्या असाव्यात.

गाय रोगी नव्हती, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मामाही पुढे गोळ्या खाऊन बरे झाले, पट्ट्याची दोन्ही भोकं परत आली. पण त्या सकाळी ते काहीच ठाऊक नव्हतं. गाईचा खरा नमुना घ्यायला हवा होता. साहेबांनी कागद खिशात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "मामा, या क्षणापासून तुम्हाला कुंपणाच्या आत येता येणार नाही."

"आलोच नाही, साहेब," मामा म्हणाले.

मग साहेबांनी स्वतः बाह्या सारल्या. साहेब मोठी पदवी घेऊन आले आहेत. पहिल्यांदा सुई हाडावर लागली. गाय सरकली. दुसऱ्यांदा तिने शेपूट ओढून घेतली आणि साहेबांच्या चष्म्यावर शेण उडालं. तिसऱ्यांदा रक्ताचे दोन थेंब आले आणि थांबले. गाय आता लाथ मारायच्या बेतात होती, आणि आठ महिन्यांच्या गाभण गाईने उड्या मारलेल्या कुणालाच नको असतात.

"त्याला करू दे," बाई म्हणाल्या.

"नियम नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मला त्यांचीही दया आली.

मामांनी दोन्ही हातांनी तार धरली होती. "साहेब, शेपूट जरा वर. अजून. सरळ, बाजूला नको. घट्ट धरू नका, ती कुठे जात नाहीये. आता बोट खाली आणा... आणखी एक खाच. तिथे थांबा. काही लागतंय का बोटाला?"

"उडतंय," साहेब म्हणाले.

"तीच. घाई करू नका. मनात काहीतरी मोजत राहा."

साहेबांचे ओठ हलायला लागले. काय मोजलं देव जाणे. सुई आत गेली, गाय जागची हलली नाही, आणि नळी काठोकाठ भरली. साहेब इतके खूश झाले की भरलेली नळी हातात घेऊन तसेच कुंपणापाशी गेले आणि सवयीने ती मामांपुढे धरली.

मामांचा उजवा हात पुढे आला. अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"ताईंकडे द्या, साहेब," ते म्हणाले. "मला आता चालत नाही."

साहेबांनी नळी माझ्या हातात दिली. ती गरम होती. एकोणीस वर्षांत मी काही हजार नळ्या हाताळल्या असतील, पण मामांनी मांडीवरून आणलेली प्रत्येक नळी माझ्यापर्यंत पोचेतो थंड झालेली असायची. रक्त गरम असतं, हे मला तोवर नुसतं माहीत होतं.